नडगीचं दुखणं आणि खांदेमळण

नमस्कार, श्रोतेहो. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलींना त्यात ८०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. एवढ्यासाठी आपल्या मुली पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर जीव तोडून धावतात. आज त्यांच्याशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलायचं आहे.

माझ्याकडे लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी सरावाला यायची. पहिल्या दिवशी ८०० मीटरला ३ मिनिटे २५ सेकंद. तीन आठवड्यांत ३ मिनिटे १२. तिथे वेळ अडली आणि मग उलटी वाढायला लागली. ३ मिनिटे १५, मग ३ मिनिटे १९. मी म्हटलं, वही आण बघू. वहीत रोज सकाळी ८०० मीटर, पूर्ण जोर लावून. संध्याकाळी पुन्हा तेच. रविवारीसुद्धा! नडगीवर बोट टेकवलं तर पोर कळवळली.

मी तिचं धावणं दोन आठवडे बंद केलं. ती रडली. दुसऱ्या दिवशी वडील मैदानावर हजर.

"मॅडम, भरती तोंडावर आली अन् तुम्ही पोरीला बसवून ठेवता?"

मी विचारलं, "दादा, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचं काय करता?"

"खांदेमळण. हळद अन् लोणी लावून खांदा चोळतो."

"आणि पोळ्याला औताला जुंपता?"

"छे! त्या दिवशी जू ठेवत न्हाईत मानेवर."

एवढं बोलून ते गप्प झाले. मुलीकडे बघितलं, तिच्या पायाकडे बघितलं, आणि म्हणाले, "किती दिवस म्हणलात?"

श्रोतेहो, सराव करताना शरीर झिजतं, ते भरून येतं झोपेत आणि विश्रांतीत. पुन्हा सांगते, ताकद विश्रांतीत येते. दुसरं असं की दम लवकर वाढतो, हाडं सावकाश तयार होतात. काही आठवड्यांत श्वास साथ देतो, वाटतं आता कितीही धावेन, पण नडगीच्या हाडाला महिने लागतात. म्हणून भार थोडा थोडा वाढवायचा. दम लवकर, हाडं सावकाश, एवढं विसरू नका. आणि दुखणं एकाच जागी राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, तेल चोळत बसू नका.

इथे एक बोलल्यावाचून राहवत नाही. शाळेतला पीटीचा तास गणिताला देऊन टाकतात, हे मला कधीच पटलं नाही. दहा वर्षं मैदान न पाहिलेलं शरीर विसाव्या वर्षी चार महिन्यांत घडवा म्हणतात. ते कसं घडणार?

असो. नडगी बरी झाल्यावर तिला मातीच्या मैदानावर हळू धावायला लावलं, शेजारणीशी बोलता येईल इतकं हळू, पाच-सहा किलोमीटर. तिला शंका आली, "मॅडम, शर्यत तर ८०० मीटरची." मी तिला न्यूझीलंडच्या पीटर स्नेलचं सांगितलं. १९६० साली रोमला ८०० मीटरचं ऑलिम्पिक सुवर्ण घेणारा हा गडी सरावात आठवड्याला दीडशे किलोमीटरच्या आसपास धावायचा. पाया असा घालायचा. वेगाचा सराव आठवड्यातून दोनदाच. ४०० मीटर, मग दम खाली येईपर्यंत चालणं, मग पुन्हा ४००. आणि रविवार सुट्टीचा.

सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची सवयही लावली. रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त भरले, तर त्या दिवशी हलकाच सराव.

चाचणीच्या आधी तीन दिवस तिला धावू दिलं नाही. या वेळी ती रडली नाही. वडिलांचा फोन आला, "मॅडम, खांदेमळण चाललीय." चौथ्या दिवशी मैदानावर तिची वेळ लागली २ मिनिटे ५४ सेकंद.