दुसऱ्याचं काम बघायला जाताना

[पडद्यावर: जुन्या फोटोकॉपी यंत्राचे सुटे केलेले भाग]

साल १९७९. झेरॉक्स कंपनीचे अभियंते प्रतिस्पर्ध्यांची यंत्रं खोलून बघत होते. कुठला भाग कसा बनवलाय, त्याला किती खर्च आला असेल, जोडणीला किती वेळ लागला असेल, असा एकेक हिशेब चालू होता. बेरीज झाली तेव्हा जे समोर आलं ते पचायला जड होतं. झेरॉक्सला यंत्र बनवायलाच जेवढा खर्च येत होता, जवळपास तेवढ्या किमतीत जपानी कंपन्या आपलं यंत्र बाजारात विकत होत्या.

असा आकडा हाती पडला की पहिला संशय आकड्यावरच घेतला जातो. त्यांच्याकडे मजुरी स्वस्त असेल, ते तोटा सोसून विकत असतील. झेरॉक्सची मात्र जपानमध्ये १९६२ पासून एक भागीदारीतली कंपनी होती, फुजी झेरॉक्स. तिच्यामुळे तिथलं काम आतून समजून घेता आलं, आणि आकडा खरा आहे हे मान्य करावं लागलं. आपलं काम दुसऱ्याच्या उत्तम कामाशी मोजून बघायचं आणि त्यातून शिकायचं, याला आज आपण बेंचमार्किंग म्हणतो. त्याला व्यवस्थापनात पद्धतशीर रूप आलं ते इथून.

[पडद्यावर: गोदामातल्या फडताळांच्या लांबच लांब रांगा]

पण झेरॉक्सने पुढे जे केलं, ते मला याहून मोलाचं वाटतं. कंपनीच्या गोदामातून सुटे भाग बाहेर पडायला फार वेळ लागत होता. हे काम जगात सगळ्यात चांगलं कोण करतं, याचा शोध सुरू झाला. झेरॉक्सचे रॉबर्ट कॅम्प आणि त्यांचे सहकारी जाऊन पोचले ते एल. एल. बीन या कंपनीकडे. ही अमेरिकेतल्या मेन राज्यातली, टपालाने बूट, कपडे आणि भटकंतीचं सामान विकणारी कंपनी. फोटोकॉपीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता.

मग तिचीच निवड का? कारण दोघांच्या कामाची अडचण एकच होती. वस्तू लहान-मोठ्या, हलक्या-जड, वेड्यावाकड्या आकाराच्या. सगळं यंत्रावर सोपवणं अशक्य, माणसानेच फडताळापर्यंत चालत जाऊन वस्तू काढायची. एल. एल. बीनने ती चाल कमी केली होती. जास्त खपणारा माल जवळ ठेवलेला. आलेल्या ऑर्डरी संगणकाने अशा लावलेल्या, की एका फेरीत जास्तीत जास्त वस्तू गोळा व्हाव्यात. स्पर्धकाकडे बघत बसलं असतं तर हे कदाचित दिसलंच नसतं, कारण एकाच धंद्यातल्या कंपन्यांच्या सवयीही बऱ्याचदा सारख्याच असतात. १९८९ साली झेरॉक्सच्या एका विभागाला अमेरिकेचा माल्कम बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्कार मिळाला, त्यामागे अशा अनेक अभ्यासांचा हात होता.

दुसऱ्याकडे जाण्याआधी घरचा अभ्यास मात्र पुरा झालेला हवा, आणि तो बहुतेक ठिकाणी अर्धवट असतो. एखादी ऑर्डर आपल्याकडे आल्यापासून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत किती जणांच्या हातून जाते? त्यातला किती वेळ प्रत्यक्ष काम होतं, आणि किती वेळ ती कुणाच्या तरी सहीसाठी पडून असते? हे कागदावर मांडल्याशिवाय दुसऱ्याकडे नेमकं काय बघायचं तेच ठरत नाही. दुसरी गोष्ट मोजमापाची. एक कारखाना तयार मालातलेच दोष मोजतो, दुसरा वाटेत दुरुस्त केलेलेही धरतो. दोघांचे आकडे शेजारी ठेवले, तर जो जास्त प्रामाणिकपणे मोजतो तोच वाईट ठरतो. तुलनेचे कितीतरी तक्ते इथेच फसतात.

[पडद्यावर: फॉर्म्युला वन शर्यतीतला पिट स्टॉप, मग रुग्णालयाची मार्गिका]

लंडनमधलं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हे लहान मुलांचं रुग्णालय. हृदयाची शस्त्रक्रिया झालेलं बाळ अतिदक्षता विभागात न्यायचं, ही तिथली अतिशय नाजूक वेळ. व्हेंटिलेटर बदलायचा, मॉनिटरच्या तारा आणि औषधांच्या नळ्या नव्या ठिकाणी जोडायच्या, आणि त्याच गडबडीत शस्त्रक्रियेत काय घडलं तेही पुढच्या टीमला सांगायचं. मोटार शर्यतीत गाडी मध्येच काही क्षण थांबते आणि टीम झटपट तिची चाकं बदलते, तो पिट स्टॉप. इथल्या डॉक्टरांना त्यात आपल्या कामाचंच रूप दिसलं, आणि त्यांनी थेट फेरारीच्या शर्यत-टीमशी संपर्क साधला.

फेरारीच्या माणसांना रुग्णालयातलं चित्रीकरण दाखवलं गेलं. त्यांच्या नजरेला जे खटकलं त्यात औषधशास्त्र काहीच नव्हतं. इथे नेतृत्व नक्की कुणाकडे आहे? एकाच वेळी इतके जण का बोलताहेत? पिट स्टॉपमध्ये प्रत्येकाची जागा आणि काम ठरलेलं असतं, आणि गाडी कधी सोडायची हे एक माणूस ठरवतो.

रुग्णालयाने त्यानुसार नवा क्रम बसवला. आधी उपकरणं जोडायची, ती जोडून झाल्यावरच माहिती द्यायची, मग चर्चा. सूत्रं भूलतज्ज्ञाकडे. कुणी कुठे उभं राहायचं तेही ठरलं. या बदलाचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. दर हस्तांतरात होणाऱ्या तांत्रिक चुका सरासरी ५.४२ वरून ३.१५ वर आल्या, सांगायच्या राहून जाणाऱ्या गोष्टी २.०९ वरून १.०७ वर. वेळही वाढला नाही, उलट थोडा कमीच झाला. नवं यंत्र नाही, जादा माणसं नाहीत.

[पडद्यावर: मोटार कारखान्यातली असेंब्ली लाइन]

मग बघून येणाऱ्या सगळ्यांनाच हे का जमत नाही? याचं उत्तर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये सापडतं. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना इतका बिघडला होता, की १९८२ मध्ये तो बंद करावा लागला. कामगारांची गैरहजेरी २० टक्क्यांच्या घरात होती. १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारी करून तोच कारखाना न्यूमी या नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांश जुनेच होते, संघटनाही जुनीच. त्यातल्या शेकडो जणांना आधी जपानला पाठवलं, टोयोटाच्या लाइनवर प्रत्यक्ष कामाला उभं केलं. गैरहजेरी पाच टक्क्यांच्या खाली आली आणि गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्याच्या जवळ जाऊन पोचला.

जनरल मोटर्सच्या डोळ्यांदेखत हे सगळं घडत होतं. लाइनवर अडचण आली की कामगाराने ओढायची दोरी सर्वांना दिसत होती. दोरी ओढल्यावर काय होतं, हे समजायला वेळ लागला. न्यूमीत दोरी ओढली की टीम लीडर धावत येत असे, विचारत असे, आणि दोष तिथल्या तिथे निस्तरला जाई. लाइन थांबवली म्हणून कुणी रागवत नसे. हा विश्वास नसेल, तर कामगार दोरीला हात लावणार नाही. जनरल मोटर्सच्याच, कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात हीच पद्धत आणायचा प्रयत्न झाला, पण तो रुजला नाही, आणि १९९२ मध्ये तो कारखाना बंद पडला.

माझ्या मते फरक पडला तो बघायला कोण गेलं यामुळे. फ्रीमाँटहून जपानला गेलेले लोक परतल्यावर त्याच लाइनवर, एकमेकांच्या शेजारी उभे राहिले. न्यूमीत शिकलेले जनरल मोटर्सचे व्यवस्थापक मात्र पुढे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरले गेले. जुन्या रीतीच्या कारखान्यात अशा एकट्या माणसाचं कोण ऐकणार? ज्या संस्थेला दुसऱ्याकडून खरंच काही आणायचं आहे, तिने अहवाल लिहिणाऱ्यांबरोबर ते काम रोज करणाऱ्यांनाही पाठवावं, परतल्यावर त्यांना एकाच जागी ठेवावं, आणि त्या जागेपुरते निर्णय घ्यायचे अधिकार निघण्याआधीच त्यांच्या हाती द्यावेत.