विद्यापीठ गेट

(दृश्य: पहाट. गेटसमोर निळे झेंडे, माणसांची रांग.)

१४ जानेवारी. घरोघरी संक्रांतीचा तिळगूळ वाटला जात असतो, आणि छत्रपती संभाजीनगरात माणसं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटकडे निघालेली असतात. कुणी रात्रभर एसटीत बसून आलेलं, कुणाच्या कडेवर लेकरू. गेटसमोर येतात, हात जोडतात, माथा टेकवतात. यांतल्या कितीतरी जणांनी या विद्यापीठात एक तासही केलेला नाही. मग इथं वाकायचं कशाला? हे कळायला बरंच मागं जावं लागतं.

(दृश्य: जुने नकाशे. हैदराबाद संस्थान.)

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. औरंगाबादेत १९२३ पासून एक इंटरमिजिएट कॉलेज होतं. पुढची पदवी हवी तर हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ, आणि तिथं शिकवण्याची भाषा उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरानं, परगावी राहण्याचा खर्च करून, इतक्या लांबची पदवी मनात तरी कशी आणायची? गावकुसाबाहेरच्या पोराला तर शाळेचा उंबरठाच लांब होता.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. दोनच वर्षांत, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं. तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं, आणि परिसराला नाव मिळालं नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, नागसेन त्याला उत्तरं देणारा भिक्खू. जिथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या तोंड उघडायची मुभा नव्हती, तिथल्या कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव! या एका निवडीत बाबासाहेबांचा शिक्षणाकडे पाहण्याचा सगळा दृष्टिकोन दिसतो.

(दृश्य: डोंगर, लेणी, खाली विद्यापीठाचा परिसर.)

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. महाराष्ट्र राज्य अजून जन्मायचं होतं. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी, मुंबई विद्यापीठाचा कारभार त्यांनी रजिस्ट्रार म्हणून आतून पाहिलेला. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे या एका विद्यापीठाखाली आले. जागा मिळाली बौद्ध लेण्यांच्या पायथ्याशी. आज हा परिसर सातशे एकरांहून मोठा आहे.

(दृश्य: काळा पडदा. मग वृत्तपत्रांची कात्रणं.)

२७ जुलै १९७८. विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. त्यानंतर जे घडलं, ते सांगताना आजही आवाज दबतो. मराठवाड्यातल्या गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं पेटवली गेली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांचा खून झाला. माणसं गाव सोडून परागंदा झाली, आणि ठराव कागदावरच राहिला. मग मोर्चे निघाले, लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले. नामांतराच्या बाजूनं दलित तरुणांसोबत काही सवर्ण तरुणही उभे राहिले, हेही विसरता कामा नये. जवळजवळ सोळा वर्षं हे चाललं. अखेर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जुनं नाव राहिलं, त्याच्या आधी बाबासाहेबांचं नाव आलं.

गेटसमोर वाकणाऱ्या माणसाच्या मनात हे सगळं असतं.

त्याच वर्षी, १९९४ मध्ये, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं. आता आंबेडकर विद्यापीठाच्या कक्षेत छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे आहेत.

(दृश्य: संग्रहालयातल्या वस्तू, मग प्रयोगशाळा.)

आणि अभ्यास? इतिहासापासूनच सुरुवात करू, कारण इथं जमीन खणली की इतिहास हाताला लागतो. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं. सातवाहनकाळातलं हे भोगवर्धन. तिथं एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिचं साम्य निघालं थेट इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या भारतीय मूर्तीशी. जालना जिल्ह्यातलं एक गाव दोन हजार वर्षांपूर्वी जगाच्या व्यापारात होतं, याचा पुरावा मातीतून वर आला.

मराठीचे प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक दशकानुदशकं चालवलं. दलित साहित्यातल्या किती लिहित्या हातांना त्यानं पहिली जागा दिली! या कामासाठी २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

विज्ञानात पॉल हेबर्ट केंद्राचं नाव घ्यायला हवं. डीएनएच्या छोट्याशा तुकड्यावरून सजीवाची प्रजाती ओळखायची, असं इथलं काम. शिवाय नाट्यशास्त्र आहे, पर्यटन आहे, मुद्रण तंत्रज्ञानही आहे.

(दृश्य: सकाळ. बागेत काम करणारे विद्यार्थी.)

ही मुलं ‘कमवा व शिका’ योजनेतली. आधी काही तास काम, मग वर्ग. बीडकडच्या काहींचे आई-वडील याच वेळी दूर कुठंतरी उसाच्या फडात कोयता चालवत असतात. काम आटोपलं की ही मुलं हात धुतात, दप्तर उचलतात आणि आपापल्या विभागाकडे चालू लागतात. पायी दहा मिनिटांची वाट.