मागचा ट्रेलर डोलायला लागला तर

नमस्कार श्रोतेहो. 15 मीटर पंखविस्ताराचं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, गाडीमागे ट्रेलरवर न्यायला सुटं केलं, तरी एकेक पंख सात मीटरच्या आसपास भरतो. त्यामुळे त्याचा ट्रेलर सहज आठ-नऊ मीटर लांब होतो. वजन फार नसतं, पण त्या लांबलचक सपाट बाजूंवर वारा शिडात भरावा तसा भरतो.

माझा ट्रेलर एकदा हायवेच्या उतारावर डोलायला लागला. आरशात त्याचं मागचं टोक आधी डावीकडे दिसलं, मग उजवीकडे, आणि दर हेलकाव्याला थोडं जास्तच. ब्रेककडे निघालेला पाय मी कसाबसा आवरला. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडला. वेग उतरला तसा ट्रेलर हळूहळू ओळीत आला. अशा वेळी स्टिअरिंग डावं-उजवं करू लागलो, तर झोक्याला आपणच धक्के देतो. वेग वाढवला की तो सरळ होतो, हा समज तर जीवघेणा आहे.

थांबून मागचं दार उघडलं. घाईघाईत हत्यारांची पेटी आणि पाण्याचे भरलेले कॅन मी पार मागच्या टोकाला ठेवले होते. मागे भार वाढला की गाडीच्या हुकावरचा कमी होतो, आणि शेपटीला झोका मिळतो.

तेव्हापासून निघण्याआधी हुकावर येणारं वजन बघतोच. घरातला वजनकाटा सपाट जमिनीवर ठेवायचा, त्यावर हुकाच्या उंचीचा लाकडी ठोकळा, आणि ट्रेलरचं तोंड त्यावर टेकवायचं. भरलेला ट्रेलर 800 किलोचा असेल, तर काट्यावर 50च्या आसपास आकडा आला की मला बरं वाटतं. गाडीच्या हुकासाठी दिलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडायची नाही. जड सामान चाकांच्या वर, किंचित पुढे.

टायरमधली हवाही बघा, गाडीच्या मागच्या चाकांचीसुद्धा. ट्रेलर महिनोन् महिने उभा असतो, म्हणून टायरची नक्षी शाबूत दिसते आणि कडेचं रबर तडकलेलं असतं.

रस्त्यावर मी 80च्या पुढे जात नाही. मोठा ट्रक शेजारून गेला की हवा आधी ट्रेलरला बाहेर ढकलते, मग आत ओढते. तेव्हा हात स्थिर ठेवायचा. पहिल्या वीसेक किलोमीटरनंतर थांबून ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, हात नेऊन बघा. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच जास्त तापली असेल, तर ब्रेक धरून बसलाय किंवा बेअरिंग खराब होत चाललंय. तसाच ट्रेलर पुढे नेऊ नका.