गुबगुबीत ळ

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या या दुकानाच्या पाटीवर पेंटरकाका आधी खडूने दोन आडव्या रेषा आखतात आणि मगच ब्रश रंगात बुडवतात. ‘मिसळ’ लिहिताना त्यांनी ळ च्या दोन्ही गाठी इतक्या फुगवल्या आहेत की मधली पोकळी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी उरली आहे. मेस्त्री आडनावाच्या चित्रकार-चित्रपटकार बाबूरावांना ज्या गावाने ‘पेंटर’ म्हणूनच ओळखले, त्या कोल्हापुरात अक्षर रंगवणे हे कधीच हलके काम मानले गेले नाही.

अशाच गुबगुबीत अक्षरांचा ‘मोदक’ नावाचा फॉन्ट ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेच्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी घडवला, आणि त्याची सुरुवातही हाताने काढलेल्या मोजक्या अक्षरांपासूनच झाली. दोन-चार अक्षरे जाड काढणे सोपे असते; परंतु देवनागरीचा पूर्ण फॉन्ट करायचा म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून जवळजवळ १००० आकार एकाच वळणात बसवावे लागतात. जाडी वाढली की ती अक्षराच्या आतही शिरते आणि पोकळ्या बुजू लागतात. म्हणून ‘मोदक’मध्ये त्या बारीक चिरेसारख्या जपलेल्या आहेत. अशीच जाड अक्षरे गिरवणाऱ्या या विद्यार्थिनीच्या वहीत पाहा: ‘कोल्हापूर’ लिहिताना ल चा उभा दंड वगळून ती त्याची पाकळी ह ला जोडते, तेव्हा दोघांमध्ये उरणारी फट तिने तीनदा खोडली आहे. मराठीचा पाकळीयुक्त ल या जाडीत ओळखू यावा, यासाठी एवढी खोडाखोड करणे मला अत्यंत आवश्यक वाटते. खेळकर दिसणारे अक्षर शिस्तीशिवाय उभे राहत नाही.

तालमीच्या गणेशोत्सवाची पत्रिका, बालवाडीच्या भिंती, मुलांच्या पुस्तकांची मुखपृष्ठे ही अशा अक्षरांची हक्काची जागा आहे; मजकुराच्या बारीक ओळींत मात्र त्या चिरा बुजतात. ‘मोदक’ सर्वांना विनामूल्य वापरता येतो. फ्लेक्स आल्यापासून हाताने रंगवायच्या पाट्या कमी झाल्या आहेत.

काकांनी आता ळ च्या आतली जागा कोरड्या ब्रशच्या टोकाने साफ केली आहे. रंग ओला आहे, आणि खडूच्या रेषा पुसायच्या बाकी आहेत.