दीक्षाभूमीची गर्दी आणि ‘आपण’

(दृश्य: नागपूर रेल्वे स्थानक. विशेष गाडीतून उतरणारी माणसं, पांढरे कपडे, निळे झेंडे.)

अशोक विजयादशमीच्या आदल्या दिवसापासूनच नागपूरचे रस्ते एका दिशेला वळतात. यवतमाळ, बुलडाणा, नांदेड, पार तेलंगणापासून आलेली माणसं सीताबर्डीवरून दीक्षाभूमीकडे चालत निघतात. कडेवर लेकरं, खांद्यावर पिशव्या. रात्री झोपायचं कुठं, हे अनेकांना ठाऊक नसतं. त्याची फारशी काळजीही दिसत नाही.

रस्त्याच्या कडेला भोजनदानाचे मंडप लागलेले असतात. वाढणारी बाई अनोळखी म्हातारीला म्हणते, “जय भीम माय, जेवून घे आधी. लांबून आली न?” म्हातारी बसते. ना नाव विचारलं जात, ना गाव.

‘गर्दीला डोकं नसतं’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामागे एक जुना विचार आहे. 1895 साली गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकानं लिहिलं की, माणूस गर्दीत शिरला की त्याची विवेकबुद्धी लोपते आणि तो संस्कृतीच्या कितीतरी पायऱ्या खाली घसरतो. राज्यकर्त्यांना हा विचार फार आवडला, कारण गर्दीला अक्कलच नसेल तर तिचं म्हणणं ऐकायची गरजही उरत नाही.

या विचाराला ज्यांनी पुराव्यानिशी आव्हान दिलं, त्यांतले एक म्हणजे स्टीफन रायकर. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातले सामाजिक मानसशास्त्रज्ञ. त्यांचं शिक्षण इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात झालं. तिथं तेव्हा हेन्री ताजफेल शिकवत होते. ताजफेल पोलंडमधले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्यातून लढले, जर्मनांचे कैदी झाले आणि वाचले. परतल्यावर कळलं की, घरातलं जवळपास कुणीच उरलेलं नाही. एका माणसाला दुसऱ्या माणसाचा गट इतका परका का होतो, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला.

(दृश्य: ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स वस्तीची जुनी छायाचित्रं.)

2 एप्रिल 1980. ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स वस्तीत पोलिसांनी एका कॅफेवर छापा घातला आणि दंगल उसळली. वर्तमानपत्रांनी माथेफिरू जमाव म्हटलं. रायकर तेव्हा तरुण संशोधक होते. दंगलीत असलेल्या लोकांशी ते बोलले आणि त्यांना वेगळंच चित्र दिसलं. दगड पोलिसांवर जात होते. कुणीतरी एका बसची काच फोडली, तेव्हा गर्दीतल्याच लोकांनी नापसंती दाखवली. पोलिसांना वस्तीबाहेर हटवल्यावर पाठलाग तिथंच थांबला. काही जण तर चौकात उभं राहून वाहतूक सांभाळत होते.

म्हणजे गर्दीला मर्यादा होत्या, आणि त्या ‘आपण सेंट पॉल्सचे’ या भावनेनं आखल्या होत्या. रायकर यांचं म्हणणं असं की, गर्दीत माणूस स्वतःला हरवत नाही. ‘मी’च्या जागी ‘आपण’ येतं, आणि त्या ‘आपण’ला जे योग्य वाटतं तसं माणूस वागतो. या ‘आपण’चा अर्थ काय धरलाय, त्यावर पुढचं सगळं ठरतं. तो अर्थ द्वेषाचा असेल, तर गर्दी द्वेषानं वागेल. हेही तितकंच खरं आहे.

पुढं हे संशोधन थेट गंगाकाठी आलं. प्रयागच्या माघ मेळ्यात कल्पवासी कडाक्याच्या थंडीत महिनाभर तंबूत राहतात. पहाटे गार पाण्यात स्नान, रात्रंदिवस कर्ण्यांचा गोंगाट. माणूस आजारी पडायला आणखी काय हवं? रायकर, निक हॉपकिन्स आणि तेव्हा अलाहाबाद विद्यापीठात असलेले नारायणन श्रीनिवासन यांच्या चमूनं मेळ्याच्या आधी आणि नंतर यात्रेकरूंची विचारपूस केली. गावातच राहिलेल्या लोकांनाही तेच प्रश्न विचारले. 2012 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मेळ्याला गेलेल्यांना घरी परतल्यावर आपली तब्येत आणि मन, दोन्ही आधीपेक्षा बरं वाटत होतं. गावात राहिलेल्यांत असा फरक दिसला नाही. कारण शोधताना संशोधकांना पुन्हा तेच सापडलं. आजूबाजूची माणसं आपली आहेत, अडलं तर कुणीतरी धावेल, हा भरवसा.

रायकर आणि सहकाऱ्यांचा आणखी एक प्रयोग इथं सांगायलाच हवा. इंग्लंडमध्ये विद्यार्थिनींना घामाचा वास मारणारा टी-शर्ट हुंगायला दिला. त्यावर दुसऱ्या विद्यापीठाचं बोधचिन्ह होतं. ‘तुम्ही अमुक विद्यापीठाच्या’ अशी आठवण करून दिली, तेव्हा किळस जास्त वाटली. ‘तुम्ही विद्यार्थी’ एवढंच मनात जागं केलं, तेव्हा कमी. घाम तोच होता.

हा प्रयोग वाचताना नागपूरच्या माणसाला अंगावर काटा येईल. कारण या देशात स्पर्शाची किळस जन्मावरून ठरवली गेली, पाण्यावरून ठरवली गेली, आणि तिला धर्म म्हटलं गेलं.

(दृश्य: दीक्षाभूमीचा स्तूप, बोधिवृक्ष.)

14 ऑक्टोबर 1956 रोजी याच मैदानावर बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली. मग समोर उभ्या असलेल्या लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली आणि 22 प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. लाखो माणसांनी एकाच आवाजात आपण कोण नाही आणि आपण कोण आहोत, हे उच्चारलं. सर्व माणसं समान आहेत असं मी मानतो, ही त्यांतलीच एक प्रतिज्ञा. समूहाची ओळख लोक स्वतः घडवू शकतात, हे मानसशास्त्राच्या पुस्तकांत येण्याआधी नागपुरात घडलेलं आहे. आमच्या मते त्या दिवसाचं हे मोठेपण अजून पुरेसं मोजलं गेलेलं नाही.

(दृश्य: पुस्तकांचे स्टॉल, रात्रीची वेळ.)

आज इथं समता सैनिक दलाचे स्वयंसेवक हात जोडून रांग लावतात. पुस्तकांच्या स्टॉलवर खेटून उभं राहावं लागतं, आणि लोक पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. रात्री मैदानात अनोळखी कुटुंबं शेजारीशेजारी चादरी अंथरतात.

बंदोबस्ताची आखणी करणाऱ्यांनी हे जवळून पाहावं. चेंगराचेंगरी होते ती जागा अपुरी पडल्यामुळं, वाट अरुंद असल्यामुळं, पुढं काय चाललंय हे मागच्यांना न कळल्यामुळं. दोष मात्र ‘बेभान जमावा’ला दिला जातो. इथं येणारी माणसं एकमेकांना सांभाळायला तयारच असतात. त्यांना रुंद वाटा, पाणी, स्वच्छतागृहं आणि वेळेवर खरी माहिती द्या.

आणि प्रयागला जे झालं, ते नागपुरातही व्हायला हवं. आपल्या विद्यापीठांतल्या मुलामुलींनी दसऱ्याच्या महिनाभर आधी गावोगावी जावं, दीक्षाभूमीला येणाऱ्यांना आणि न येणाऱ्यांना भेटावं. झोप कशी लागते, मन कसं आहे, अडचणीत कुणाला हाक माराल, हे विचारावं. आणि महिनाभरानं त्याच दारांवर पुन्हा जाऊन तेच प्रश्न विचारावेत.