पाइनची कात्री पोळ्याला

मंडळी, इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी शेती असेल. तूर महिना-सव्वा महिन्याची झाली की शेंडा खुडायचा, हे तुम्हाला मी काय सांगणार? शेंड्यात ऑक्सिन नावाचं संजीवक तयार होतं. ते खाली उतरत राहतं आणि खालचे डोळे दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात. पाइनच्या बोन्सायची छाटणी याच एका गोष्टीवर उभी आहे. फरक इतकाच, की तुरीचं चुकलं तर पुढच्या मृगात नवी पेरता येते.

आधी झाड पाइनचंच आहे ना, ते बघा. पाइन म्हणून सुरूचं रोप गळ्यात मारणारे पुष्कळ. सुरूची ‘सुई’ ओढली तर पेरापेरातून सुटते. पाइनच्या सुया जुडीनं येतात: जपानी ब्लॅक पाइनला दोन-दोन, हिमालयातल्या चीडला तीन-तीन, जपानी व्हाइट पाइनला पाच-पाच. ही मोजणी हौसेची नाही. वसंतात फांदीच्या टोकाला मेणबत्तीसारखा उभा कोंब येतो, तो पूर्ण काढला तर ब्लॅक पाइन त्याच हंगामात पुन्हा फुटतो. व्हाइट पाइनला तो जोर नाही, तिथं कोंब नुसता चिमटायचा. आज मी बोलतेय ते ब्लॅक पाइनबद्दल.

आता माझी फजिती ऐका. जपानी पुस्तकांत कोंब जून-जुलैत काढा असं लिहिलेलं असतं. मी भक्तिभावानं जूनमध्ये काढले. दुसरी फूट छान आली, पण दिवाळीपर्यंत सुया वाढतच राहिल्या. झाड कसलं, केरसुणी! पुस्तकाचं चुकलं नव्हतं, मी त्यातला महिना वाचला आणि कारण वाचलं नाही. दुसऱ्या फुटीच्या सुया आखूड राहतात, कारण थंडी येईपर्यंत त्यांना वाढायला वेळच कमी मिळतो. साधारण शंभर दिवस. जपानात थंडी लवकर येते, म्हणून तिथं जून. आपल्याकडं खरा गारवा नोव्हेंबरअखेरीस. तिथून शंभर दिवस मागं मोजा, ऑगस्टचा उत्तरार्ध येतो. म्हणून मी कॅलेंडर सोडलं आणि पोळा धरला. बैल सजतात त्या आठवड्यात माझी कात्री निघते. त्या आधी खत भरपूर द्यायचं, आणि कोंब काढले की नवी सुई पिकेपर्यंत बंद. या काळात खत दिलं की परत केरसुणी.

सगळे कोंब एकाच दिवशी काढू नका. झाडाची ताकद वरती धावते, खालच्या फांद्या उपाशी राहतात. म्हणून खालचे, अशक्त कोंब आधी काढायचे, दहा दिवसांनी मधले, आणखी दहा दिवसांनी शेंड्याचे. अशक्ताला वीस दिवसांची आघाडी मिळते, शेंड्याचा वेळ कमी होतो. पुढं एकेका जागी चार-पाच डोळे फुटतात, त्यातले आडवे दोन ठेवायचे. हिवाळ्यात जुन्या सुया उपटायच्या, त्याही याच हिशेबानं: शेंड्याला पाच-सहा जुड्या ठेवल्या तर खाली दहा-बारा. ज्याला जास्त त्याच्याकडून जास्त घ्यायचं. इन्कम टॅक्सवाल्यांना पटेल हे.

काटोल-वरुडच्या मंडळींना एक इशारा. संत्र्याची सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढताना हात सैल सुटतो, कारण संत्रा उघड्या लाकडावरही फुटतो. पाइन तसा फुटत नाही. फांदीवर एकही हिरवी सुई उरली नाही तर ती फांदी गेलीच समजा. तसंच ज्याची कुंडी यंदा बदलली किंवा जे आजारी आहे, त्याचे कोंब यंदा काढायचेच नाहीत. आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, झाडाला हात लावू नका. हिरव्या जाळीखाली, तापलेल्या भिंतीपासून लांब ठेवा, बस्स.

तार हिवाळ्यात. फांदीच्या एक तृतीयांश जाडीची ॲल्युमिनियमची तार, पंचेचाळीस अंशांच्या तिरप्या वेढ्यांनी, तीही खाली वाकवायला. म्हाताऱ्या पाइनच्या फांद्या बर्फाच्या भारानं वाकतात, तेच रूप आपण नागपुरात आणतोय. उन्हाळ्याच्या तोंडाशी फांदी जाड होऊ लागली की तार रुततेय का, हे दर आठवड्याला बघा. रुतलेला वळ वर्षानुवर्षं दिसतो.

किती वर्षं लागतात, असं मघाशी कुणी विचारलं. वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात एक व्हाइट पाइन आहे, १६२५ पासून कुंडीत वाढवलेला. ६ ऑगस्ट १९४५ ला तो हिरोशिमात यामाकी कुटुंबाच्या नर्सरीत भिंतीआड होता, म्हणून वाचला. १९७६ मध्ये त्यांनी तो अमेरिकेला भेट दिला, पण तो हिरोशिमातून वाचलेला आहे हे तिथं कळलं २००१ मध्ये, नातवंडं बघायला गेली तेव्हा. माझं हे झाड एकोणीस वर्षांचं, म्हणजे अजून बालवाडीत.

चला, कुंडी टेबलावर घ्या. मागच्यांनी पुढं या. कात्री खालच्या फांदीपासून.