क्रेन गेली, काठ राहिला

नमस्कार श्रोतेहो. मी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याच्या बंदरावर भरती-ओहोटी बघत मोठा झालो. त्यामुळे कुठल्याही गावी गेलो की माझा पहिला प्रश्न असतो, पाणी कुठे आहे? मागे भाचीकडे स्वीडनला, माल्मो शहरात गेलो, तेव्हाही हेच विचारलं. ती म्हणाली, "मामा, चला, आमची तलावपाळी दाखवते."

आपल्या ठाण्याची तलावपाळी म्हणजे तळ्याकाठची फिरायची जागा, तिची तलावपाळी म्हणजे समुद्रात उतरत गेलेल्या रुंद लाकडी पायऱ्या. जूनचे दिवस, रात्रीचे नऊ वाजले तरी ऊन. कॉलेजची पोरं, डोक्याला रुमाल बांधलेल्या आज्या, डबे उघडून बसलेली कुटुंबं. यातली निम्मी माणसं शहराच्या दुसऱ्या टोकाहून आलेली. फक्त भेळवाला तेवढा नव्हता.

या जागेवर पूर्वी कॉकम्सची गोदी होती, एके काळी जगातल्या मोठ्या गोद्यांमध्ये गणली जाणारी. १९८० च्या दशकात तिथली व्यापारी जहाजबांधणी थांबली. मागे उरली भरावाची, कारखान्यांनी नासवलेली जमीन आणि १३८ मीटर उंचीची क्रेन. ती कोरियातल्या एका जहाज कंपनीने घेतली, किंमत एक डॉलर! २००२ साली ती सुटी करून बोटीने उल्सानला नेली. तिकडे तिला 'माल्मोचे अश्रू' म्हणतात.

त्याआधीच, २००१ मध्ये, त्या जमिनीवर 'बो ०१' नावाचं गृहप्रदर्शन भरलं होतं. प्रदर्शन म्हणजे मांडव नव्हे. घरं पक्की, माणसं कायमची राहायला येणारी. उन्हाळ्यातली ऊब जमिनीखालच्या चुनखडीतल्या पाण्यात साठवायची आणि थंडीत पंपाने घरात खेळवायची. वीज पवनचक्कीची, जोडीला छपरांवर सौरपट्ट्या. प्रत्येक बिल्डरच्या हातात पस्तीस गोष्टींची यादी दिली होती, त्यातल्या दहा तरी करायच्याच. त्यात पाखरांसाठी खोकी होती, वटवाघळांसाठीसुद्धा होती. आपल्याकडे एखाद्या सोसायटीच्या सभेत वटवाघळांचा विषय काढून बघा!

मला सगळ्यात आवडली गटारं. हसू नका. पावसाचं पाणी तिथे उघड्या दगडी पन्हळीतून दारासमोरून वाहतं, मध्येच एका तळ्यात थांबतं आणि मग समुद्राला मिळतं. आणि वारा! काठावरच्या इमारती उंच, आतली घरं बुटकी, गल्ल्या मुद्दाम तिरक्या. एक वळण घेतलं आणि कानात शिरणारा वारा एकदम पडला.

सगळंच जमलं असं नाही. दर चौरस मीटरला वर्षाला १०५ युनिट ऊर्जा पुरेल असा हिशेब होता, पण मोठमोठ्या काचांच्या खिडक्यांपायी कित्येक इमारतींनी तो ओलांडला. घरं महाग, गोदीतल्या जुन्या कामगाराच्या आवाक्याबाहेरची. तरीही काठ सगळ्या गावाचा राहिला.

हे आज सांगतोय कारण आपल्याकडेही खाडीकाठी 'वॉटरफ्रंट' शब्दाचे फलक लागलेत. आपलाही हा मुलूख जहाजं बांधणारा. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची सुरुवात याच खाड्यांत झाली. पण माल्मोची जमीन मेलेली होती, म्हणून तिथे हिरवं आणावं लागलं. आपल्या काठावर तिवरं आहेत, चिखल आहे, त्या चिखलावर जगणारे रोहित पक्षी आहेत. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा अशी जागतिक मान्यता मिळाली. तिवरांभोवती पन्नास मीटर जागा मोकळी सोडा, हे उच्च न्यायालयाने २००५ सालीच बजावलंय. तिवरं तोडून लॉन लावायची आणि तिला हिरवं म्हणायचं, हे माझ्या डोक्यात काही शिरत नाही. घ्यायचंच तर आपण माल्मोकडून त्या पायऱ्या घ्याव्यात, उघडी पन्हळ घ्यावी. टॉवर आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या कंपाउंडच्या भिंती बंदराकडे जाणारी वाट अडवतात.

परत आलो तेव्हा बंदरावर शेजारचे काका होडी पालथी घालून बसले होते. फळ्यांच्या फटीत बोटाने कापूस दाबत होते. मी मोबाइलवर फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पायऱ्या नीट बघितल्या आणि विचारलं, "इथं होडी लावू देतात काय रे?"

एवढा महिनाभर राहून आलो, पण हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.